खेळाडूंचे पाठीराखे सर दोराबजी टाटा



टाटा म्हटलं की मला मीठ आणि ट्रक एवढंच ठाऊक होतं. गुरुजींनी दोराबजींची गोष्ट सांगितली, ती मी माझ्या शब्दांत लिहितो.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. वडील जमशेटजी मोठे उद्योगपती. दोराबजी विलायतेत केंब्रिजला शिकले. तिथे क्रिकेट, फुटबॉल खेळले. परत आल्यावर वडिलांनी त्यांना कापसाचा धंदा शिकायला आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पाठवलं. आमच्या वावरात पऱ्हाटीच असते, म्हणून ते मला जवळचे वाटले.

पुढे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर त्यांनी धावण्याच्या शर्यती पाहिल्या. धावणारी पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, तीही अनवाणी. नियम कोणी शिकवलेले नव्हते. तरी काहींचा वेग पाहून दोराबजी थक्क झाले. ही पोरं ऑलिंपिकला गेली पाहिजेत, असं त्यांच्या मनानं घेतलं.

पण हौशी खेळाडूला खेळाचे पैसे मिळत नसत. मग आगबोटीचं भाडं शेतकऱ्याचं पोरगं कुठून भरणार? दोराबजींनी पदरचे पैसे घातले. १९२० साली आपला संघ बेल्जियममध्ये अँटवर्पला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं.

१९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष होते. त्याच सुमारास, १९२५ साली, मुंबईत हौशी मुष्टियुद्धाचीही संघटना निघाली होती. १९४८ साली आपले मुष्टियोद्धे लंडन ऑलिंपिकला गेले. पण ते पाहायला दोराबजी नव्हते. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. त्याआधी त्यांनी आपली संपत्ती लोकांच्या कामासाठी ट्रस्टला देऊन टाकली होती.

जिंकणारा सगळ्यांना दिसतो. त्याला मैदानापर्यंत नेणारा कोणाला दिसत नाही.

मागच्या साली तालुक्याच्या स्पर्धेत माझं नाव होतं. पण कापूस फुटला होता, मजूर मिळेना. मी वावरात वेचणीला राहिलो. बाबांचा दोष नाही. पण त्या दिवशी मला फार रडू आलं.

पालकहो, आम्हांला बूट नसले तरी चालेल. आम्ही अनवाणी धावू. फक्त स्पर्धेच्या दिवशी आम्हांला वावरातून सुट्टी द्या.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी