स्वतः न वाजवणारा वाद्यनिर्माता : लिओ फेंडर

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझे व्हायोलिन आणि माझ्या मित्राची हवाईयन गिटार असा कार्यक्रम होता. ॲम्प्लिफायर एकच. व्हायोलिनसाठी आवाज वाढवावा तर गिटारचा सूर फाटे. गिटारसाठी कमी करावा तर व्हायोलिन ऐकू येईना. शेवटी यंत्राने शिट्टी मारली आणि मागच्या बाकांनी तिला साथ दिली! दोन्ही वाद्यांना चालेल असा ॲम्प्लिफायर कसा निवडावा हे शोधताना लिओ फेंडर या माणसाची ओळख झाली. ती वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील अनाहाइमजवळ झाला. आईवडिलांचा संत्र्यांचा मळा होता. लहानपणीच त्याचा एक डोळा गेला. कॉलेजात तो हिशेबशास्त्र शिकला. रेडिओची विद्या मात्र त्याने स्वतःच मिळवली. मंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये कर्ज काढून त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले.

त्या काळी तिकडे वेस्टर्न स्विंग नावाचे नाचाचे संगीत गाजत होते. त्यात फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि स्टील गिटार शेजारी शेजारी वाजत. स्टील गिटार ही आपल्याकडच्या हवाईयन गिटारची सख्खी बहीण. तारांवर धातूची कांडी सरकवून ती वाजवतात. पुढे तिला पायपट्ट्या जोडून सूर चढवण्या-उतरवण्याची सोय झाली, ती पेडल स्टील. वादक आपली यंत्रे लिओकडे दुरुस्तीला आणत. त्यातूनच १९४५ मध्ये त्याने एका मित्राबरोबर स्टील गिटार आणि ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. १९४६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. टेलिकास्टर आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर या त्याच्या गिटारी जगभर गेल्या.

नवल असे, की लिओला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! तो नवे यंत्र वादकांच्या हाती देई, त्यांच्या तक्रारी ऐके आणि पुन्हा कामाला बसे.

आमचा घोटाळा मला येथे उमगला. स्टीलवादक पायाखालच्या पेडलने आवाज हळूहळू वाढवत सूर लांबवतो. त्यासाठी ॲम्प्लिफायरमध्ये शक्ती शिल्लक हवी, नाहीतर सूर फाटतो. व्हायोलिनच्या पिकअपचा आवाज कर्कश होतो, म्हणून त्याचे वरचे सूर कमी करावे लागतात. स्पीकरचा आवाज पिकअपमध्ये परत शिरला की शिट्टी! तेव्हा दोघांना स्वतंत्र चॅनेल हवेत. फेंडर कंपनीच्या १९६३ च्या ट्विन रिव्हर्बमध्ये सुमारे ८५ वॅट शक्ती, १२ इंची दोन स्पीकर आणि दोन चॅनेल होते. प्रत्येकाची बटणे वेगळी. स्टीलवादकांनी तो उचलून धरला, यात आश्चर्य नाही.

प्रकृती बिघडल्यामुळे लिओने १९६५ मध्ये कंपनी सी. बी. एस.ला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पण बरा होताच तो पुन्हा कामाला लागला. उतारवयात कंपवाताने गाठले, तरी जी अँड एल या नव्या कंपनीत त्याचे काम चालूच होते. २१ मार्च १९९१ रोजी त्याचे निधन झाले.

आता थोडे घरचे. माझे वडील मंडपवाल्याकडे लाऊडस्पीकर बांधण्याचे काम करतात. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. कॉलेजात मी हे कुणाला सांगितले नव्हते. लिओचे चरित्र वाचल्यावर मात्र यंदा जुना ॲम्प्लिफायर घ्यायला त्यांनाच बरोबर नेले. मी वॅटचे आकडे वाचत बसलो. ते दुकानाबाहेर रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि आम्हाला वाजवायला लावले. चकचकीत यंत्र त्यांनी नाकारले. ओरखडे पडलेले, पण दोन चॅनेलचे यंत्र पसंत केले. त्यांनाही कोणते वाद्य वाजवता येत नाही.

यंदाच्या संमेलनात शिट्टी झाली नाही. वडील शेवटच्या बाकावर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना पुढे आणले आणि सरांशी ओळख करून दिली.