गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर
राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

आपल्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वती स्वामींचे जन्मस्थान होय, आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नरसोबाची वाडी ही त्यांची तपोभूमी. या वाडीच्या शेजारीच कुरुंदवाड हे जुने संस्थानी गाव आहे. वऱ्हाडातून वाडीला जाणाऱ्या दत्तभक्तांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की ज्या पुरुषाने हिंदुस्थानी संगीताला दरबाराच्या दिवाणखान्यातून काढून सर्वसामान्य गृहस्थाच्या घरात आणले, तो या कुरुंदवाडचा. त्या पुरुषाचे, म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र यंदा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. कलेच्या संस्था कोणाच्या द्रव्याने उभ्या राहाव्यात, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात आरंभापासून अखेरपर्यंत उभा होता; आणि तो प्रश्न आपल्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांचाही आहे.

विष्णुपंतांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार, त्यामुळे सूर आणि ताल ही घरचीच संपत्ती होती. परंतु बालपणीच दैवाने घाला घातला. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू चेहऱ्याजवळ उडून त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारांसाठी त्यांना मिरजेस आणण्यात आले. पण दृष्टी पूर्ववत झाली नाही आणि शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. तेव्हा मुलाने गायन शिकावे असे ठरले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्या वेळी मिरजेत होते. त्यांच्यापाशी विष्णुपंतांचे अध्ययन सुरू झाले व मिरजेचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांचा आश्रय त्यांना लाभला.

आश्रय उदार होता, यात शंका नाही. तथापि त्या काळी गवयाला विद्येबद्दल बिदागी मिळे, प्रतिष्ठा मात्र मिळत नसे. एका समारंभास विष्णुपंतांना निमंत्रण आले, पण त्यांचे गुरू केवळ गवई म्हणून वगळले गेले आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली, असे सांगतात. जी विद्या दात्याच्या मर्जीवर जगते, तिला मान कोठून मिळणार? १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी भ्रमंती करीत ते पंजाबात पोहोचले. या प्रवासात राजेरजवाड्यांकडून त्यांचा सत्कार झाला. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र गाणे ऐकण्याचा अधिकार श्रीमंताच्या निमंत्रणावर अवलंबून होता. तो अधिकार अल्प मोल देणाऱ्या कोणाही नागरिकाच्या हाती आला.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. एखाद्या संस्थानिकाच्या खजिन्यावर विसंबून न राहता विद्यार्थ्यांची फी, जलशांचे उत्पन्न व नागरिकांच्या देणग्या यांवर चालणारी ही संगीतशाळा होती. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या प्रांतात एका मराठी गवयाने ती उभारली, ही गोष्ट कोणाही मराठी माणसास अभिमानास्पद वाटावी. विष्णुपंतांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली, क्रमिक पुस्तके छापण्यासाठी छापखाना घातला आणि मासिकही चालविले. स्त्रियांच्या शिक्षणाचीही त्यांनी सोय केली. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या सामुदायिक गायनवादनाने लोकांना एक नवेच दृश्य दाखविले. एकट्या गवयाची मैफल आणि अनेकांनी मिळून एका तालात साधलेला मेळ, या दोन्ही गोष्टी शाळेत शिकता येतात, हे त्यामुळे सिद्ध झाले.

परंतु त्यांच्या कार्याचा खरा पाया होता तो उपदेशक वर्ग. होतकरू पण निर्धन मुलांना ते आपल्यापाशी ठेवून घेत. अन्न, वस्त्र, निवारा आणि विद्या या सर्वांचा भार संस्थेवर. मुलाने मात्र ९ वर्षे एकनिष्ठेने शिकावे व पुढे ठिकठिकाणी जाऊन संगीताचा प्रसार करावा, असा करार असे. ही मुले घरची गरीब; त्यांच्याकडून फी मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा एवढ्या पंक्तीचा खर्च चालावा कसा? विष्णुपंत गावोगाव जलसे करीत, देणग्या मिळवीत आणि आलेले सर्व द्रव्य संस्थेत ओतीत.

१९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झाले व पुढे तेच कार्याचे मुख्य केंद्र बनले. विद्यार्थी वाढले, वाद्यदुरुस्तीची कार्यशाळा निघाली, आणि सँडहर्स्ट रोडवर संस्थेची भव्य वास्तू उभी राहिली. येथेच संकटाचे बीज होते. ही वास्तू प्रामुख्याने कर्ज काढून उभारलेली होती. व्याज कोणासाठी थांबत नाही. ते फेडण्यासाठी विष्णुपंतांना सतत दौरे करावे लागत, आणि ते दौऱ्यावर गेले म्हणजे शाळेकडे लक्ष देण्यास सवड उरत नसे. पुढे त्यांचे मन रामभक्तीकडे वळले. ते तुलसीरामायणावर प्रवचने करू लागले, नाशिक येथे त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत त्यांचे वंदे मातरम् गाजत होते. इकडे मात्र कर्जाचा डोंगर जागच्या जागी होता. अखेर १९२४ च्या सुमारास मुंबईची वास्तू लिलावात गेली.

ज्यांच्या जलशांना हजारो श्रोते जमत, त्यांच्या विद्यालयाचे छप्पर वाचविण्यास तो समाज वेळेवर एकत्र आला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. यात कोणा एकाचा दोष आम्ही मानीत नाही. टाळी देणारे पुष्कळ होते. दरसाल ठरलेली वर्गणी देणारे पुरेसे नव्हते, आणि भार वाटून घेणारे विश्वस्त मंडळही सबळ नव्हते. संस्था एका थोर पुरुषाच्या कंठावर उभी होती. कंठ थकला, चित्त दुसरीकडे वळले, आणि ती कोसळली.

हा अनुभव केवळ आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८८१ साली हेन्री ली हिगिन्सन नावाच्या धनिकाने नगरासाठी मोठा वाद्यवृंद, म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रा, स्थापन केला आणि पुढे अनेक वर्षे त्याची तूट स्वतःच्या खिशातून भरून काढली. अशा वृंदात शंभराच्या घरात वादक असतात. केवळ तिकिटांच्या विक्रीवर त्यांचे वेतन भागत नाही. १९१८ साली हिगिन्सन निवृत्त झाले, तेव्हा हे कार्य विश्वस्त मंडळाकडे आले व नागरिकांच्या देणग्यांनी ते पुढे चालले. तो वृंद आजही वाजतो आहे. बोस्टनच्या दात्याजवळ धन होते आणि मागे भार उचलणारे मंडळ होते. आमच्या गायनाचार्यांजवळ यांपैकी एकही नव्हते.

तथापि विष्णुपंतांचे कार्य लयास गेले असे मात्र कोणी समजू नये. लिलावात गेल्या त्या भिंती. ज्या मुलांच्या पोटाला व विद्येला त्यांनी द्रव्य वेचले, ती मुले लिलावात जाणे शक्य नव्हते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पंडितजींचे देहावसान झाले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या वेळी भार एकाच्या शिरावर नव्हता, अनेकांच्या खांद्यांवर होता. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढले, प्रा. बी. आर. देवधर मुंबईत कार्य करीतच होते; नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीच्या आश्रमात संगीत रुजविले; ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन करू लागले. पंडितजींचे सुपुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांनी पित्याची गायकी उज्ज्वल केली. दुर्दैवाने १९५५ साली ऐन तारुण्यात तेही निवर्तले. मंडळाच्या परीक्षा आजही होतात. आपल्या घरातील जी मुलगी प्रवेशिका वा विशारद परीक्षेस बसते, ती लाहोरच्या त्या शाळेचीच विद्यार्थिनी आहे, असे आम्ही म्हणतो.

सदस्य कुटुंबांनी या चरित्रातून काय घ्यावे? ज्ञातिमंडळांच्या विद्यार्थी निधीतून वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणास साहाय्य दिले जाते, ते योग्यच आहे. परंतु वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा या आपल्या तालुक्यांतही सुरेल गळ्याची, तबल्यावर बोटे नाचविणारी मुले आहेत. त्यांना शिक्षकाची फी व प्रवासखर्च परवडत नाही, आणि मॅट्रिकनंतर तंबोरा खुंटीला लागतो. निधीतील अल्पसा भाग अशा मुलांसाठी राखून ठेवावा. गावच्या भजनी मंडळास अथवा मुलांच्या वाद्यवृंदास पेटी-तबल्याची जोडी द्यावी व तिच्या दुरुस्तीचा खर्चही दरसाल द्यावा. मोठी रक्कम एकदा देऊन विसरून जाण्यापेक्षा लहान रक्कम न चुकता देणे संस्थेच्या अधिक उपयोगी पडते. आधी विद्यार्थी, मग वाद्ये, आणि सर्वांच्या शेवटी इमारत, हा क्रम ठेवावा. इमारत बांधणेच झाले तर ती ऋण काढून बांधू नये. आणि जो कोणी कार्यकर्ता हा भार उचलण्यास पुढे येईल, त्याला एकटे सोडू नये.

पंडितजींना एकटे राहावे लागले. त्यांच्या विद्येचा लाभ घेणाऱ्या आपण सर्वांनी ते ऋण पुढील पिढीच्या मुलांवर खर्च करूनच फेडले पाहिजे.