रुग्णसेविका सावित्रीबाई

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा घाट ओलांडला, की खंडाळा तालुक्याचा मुलूख लागतो. या तालुक्यात नायगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी एक कन्या जन्मास आली. हीच कन्या पुढे सावित्रीबाई फुले या नावाने साऱ्या महाराष्ट्रास वंदनीय झाली. मुलींच्या शिक्षणासाठी सावित्रीबाईंनी सोसलेले कष्ट सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांच्या जीवनाची अखेर शाळेत झाली नाही; ती रोग्यांच्या अंथरुणाशी झाली. ती हकीकत फार थोर आहे.

१८४० साली सावित्रीबाईंचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण हेही सातारा जिल्ह्यातच आहे. जोतीरावांनी पत्नीस लिहावयास व वाचावयास शिकविले आणि १८४८ मध्ये उभयतांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. त्या काळी स्त्रियांनी शिकणे हे पाप समजले जाई. शाळेस जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण व खडे फेकीत. तरीही त्यांनी आपला मार्ग सोडला नाही.

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या व प्रकृती सुधारावी म्हणून नायगावी माहेरी गेल्या. तेथे त्यांच्या भावाने त्यांची मनोभावे शुश्रूषा केली आणि त्या हळूहळू बऱ्या झाल्या. बहिणीवर त्याची फार माया होती. परंतु अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी बहिणीने व मेहुण्याने झटावे, हे मात्र त्यास रुचत नसे. जातीचे लोक नावे ठेवतात म्हणून हे काम सोडून द्यावे, असा आग्रह त्याने धरला. सावित्रीबाईंनी त्याचे म्हणणे शांतपणे खोडून काढले. आपल्या माणसाच्या उशाशी बसून रात्र जागविणारा भाऊ त्यांनी पाहिला होता. तशीच माया परक्यालाही मिळाली पाहिजे, हे मात्र त्याला उमगले नव्हते. सावित्रीबाईंनी मात्र पुढील चाळीस वर्षे हीच माया परक्यांना वाटली.

त्या काळी विधवांचे हाल कुत्रा खात नसे. संकटात सापडलेल्या विधवांना आपले मूल लपवावे तरी लागे किंवा त्याचा जीव तरी घ्यावा लागे. अशा स्त्रियांसाठी जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरी प्रसूतिगृह उघडले. तेथे कोणासही जात विचारली जात नसे. पुढील सुमारे वीस वर्षांत पस्तीस स्त्रिया तेथे सुखरूप बाळंत झाल्या. बाळंतिणींचे व त्यांच्या लेकरांचे सर्व काही सावित्रीबाई स्वतः पाहत. १८७४ मध्ये तेथे जन्मलेल्या एका मुलास या दांपत्याने दत्तक घेतले व त्याचे नाव यशवंत ठेवले. पुढे सावित्रीबाईंनी त्याला शिकवून डॉक्टर केले.

१८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला, तेव्हा सावित्रीबाई गावोगाव हिंडल्या. भुकेल्या मुलांसाठी सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे चालविली, त्यांत त्या राबल्या. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला व त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले आणि सावित्रीबाईंनी अहोरात्र सेवा केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. त्या दुःखानंतरही सावित्रीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. सत्यशोधक समाजाचे कार्य त्यांनी पुढे चालविले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो रोग प्रथम ओळखला. पाहता पाहता ती साथ पुण्यासही पोहोचली. प्रथम सडकून ताप येई, मग काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि अनेकदा तीन-चार दिवसांतच रोगी दगावे. या रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवा तो पसरवितात, हे अद्याप कोणास ठाऊक नव्हते. प्लेगवर खरे गुणकारी औषध तर त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी मिळाले. तेव्हा रोग्याला स्वच्छ जागी ठेवावे, त्याच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, त्याला घोटघोट पाणी व पेज पाजावी आणि त्याचे अंथरूण-पांघरूण स्वच्छ करावे, एवढेच माणसाच्या हाती होते. शुश्रूषा हेच त्या दिवसांतले औषध होते.

परंतु ही शुश्रूषा करणार कोण? भीतीने सख्खे नातलगही रोग्याजवळ जाण्यास धजत नसत. शिवाय त्या काळी रुग्णालये फार थोडी होती. साताऱ्याच्या दक्षिणेस, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या मिरज येथे डॉक्टर विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले होते व १८९७ मध्ये त्यांनी तेथे वैद्यकशाळाही काढली. पण अशी ठिकाणे विरळाच. पुष्कळ लोकांना रुग्णालय म्हटले की मरणाचेच दार वाटे. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची समजूत होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्लादेखील केला. जेथे आपले कोणी नाही, तेथे आजारी माणसास कसे पाठवावे, या विचाराने लोक रोगी घरातच दडवून ठेवीत.

अशा वेळी सावित्रीबाईंनी आपल्या मुलाला बोलावून घेतले. यशवंतराव त्या वेळी सैन्यात वैद्यकीय नोकरीवर होते. आईचा निरोप येताच ते रजा घेऊन आले. पुण्याच्या पूर्वेस हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, वस्तीपासून दूर मोकळ्या हवेत, त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय उघडले. रोग्यांना औषधपाणी देण्याचे काम यशवंतरावांनी पत्करले. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. या वयात त्या वस्त्यांतून फिरत, रोग्यांचा शोध घेत, त्यांच्या घरच्यांची समजूत घालीत आणि रोग्यांना मळ्यात घेऊन येत. तेथे आणल्यावरही त्या त्यांना सोडून जात नसत. त्यांची सेवा करीत. आपल्याबरोबर कोणीतरी मायेचे माणूस आहे, हे पाहून रोग्यांना धीर येई. ज्या रुग्णालयाची लोकांना धास्ती वाटे, ते सावित्रीबाईंमुळे त्यांना आपले वाटू लागले.

एके दिवशी मुंढवा गावातून एक वार्ता आली. गावाबाहेरच्या महार वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला प्लेग झाला होता. सावित्रीबाई तडक तेथे गेल्या. मुलगा तापाने फणफणत होता. त्याला चालवत नव्हते आणि त्याला उचलण्याचे धैर्य सहजी कोणास व्हावे, अशी ती वेळ नव्हती. सावित्रीबाईंनी त्या मुलाला आपल्या पाठीवर घेतले आणि त्या मळ्याच्या वाटेला लागल्या. ज्या वस्तीची सावलीसुद्धा पुष्कळ लोक टाळीत, त्या वस्तीतील लेकराचा तापलेला देह त्यांच्या पाठीला चिकटून होता. रोगाचा संसर्ग आपणास होऊ शकेल, हे त्या जाणून होत्या. तरीही त्यांची पावले थांबली नाहीत. त्यांनी मुलाला यशवंतरावांच्या हवाली केले.

पांडुरंग त्या दुखण्यातून वाचला. परंतु सावित्रीबाईंना रोगाने गाठले. ज्यांनी असंख्य रोग्यांची सेवा केली, त्याच आता अंथरुणास खिळल्या. १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. यशवंतरावांनी आईचा वारसा पुढे चालविला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतानाच १९०५ मध्ये त्यांनाही मृत्यू आला.

पुण्याच्या विद्यापीठास २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. नायगावी दरवर्षी ३ जानेवारीस त्यांची जयंती साजरी होते. एका थोर शिक्षिकेचा हा सन्मान सर्वथा योग्यच आहे. परंतु शेवटच्या दिवसांत त्यांनी जे केले, ते एका परिचारिकेचे काम होते. त्यासाठी त्यांना वेतन नव्हते, पदवी नव्हती आणि त्या कामाची वाहवा ऐकण्यास त्या जगल्याही नाहीत.

आपल्या आईची, भावाची किंवा लेकराची सेवा कोणीही करील. परक्याला आपला समजून त्याची सेवा करणे हे कठीण आहे. लहानमोठ्या रुग्णालयांतील परिचारिका, आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार हे कठीण काम रोज करीत असतात. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा रोग्याच्या नातलगांना त्याच्याजवळ जाता येत नव्हते. त्या वेळी साताऱ्यात, सांगलीत आणि सर्वत्र हीच माणसे रोग्याला पाणी पाजीत होती, त्याचा हात धरीत होती. रोगी बरा होऊन घरी येतो, तेव्हा डॉक्टरांचे नाव सर्वांच्या लक्षात राहते. रात्री उशाशी उभ्या असलेल्या या माणसांचे नाव मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. ते विचारावे, त्यांच्याशी आदराने वागावे आणि त्यांचे उपकार स्मरावेत. मुंढव्याहून मळ्याकडे एक आजारी लेकरू पाठीवर घेऊन जाणाऱ्या त्या वृद्ध माउलीला याहून चांगले वंदन दुसरे कोणते असणार?