विश्लेषण : हृदयविकाराच्या झटक्यानंतर मूलपेशींना साद घालणारे औषध? या कल्पनेचे जनक मॅक्सिमॉव्ह कोण होते?

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयस्नायूचा जो भाग मरतो, तेथे व्रण राहतो. अस्थिमज्जेतील मूलपेशी (स्टेम सेल) औषधाने रक्तात उतरवून ही हानी भरून काढता येईल का, यावर दोन दशकांहून अधिक काळ संशोधन सुरू आहे. मूलपेशी रक्तातून फिरतात, हा विचार मात्र शतकापूर्वीचा. तो मांडणाऱ्यांत अग्रणी होते रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर मॅक्सिमॉव्ह.

जडणघडण कशी झाली?

मॅक्सिमॉव्ह यांचा जन्म १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील व्यापारी कुटुंबात झाला. तेथील लष्करी वैद्यकीय अकादमीतून १८९६ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९०३ मध्ये तिथेच ऊतिशास्त्राचे प्राध्यापक.

सिद्धांत काय होता?

रक्तातील निरनिराळ्या पेशींची मूळ घराणी वेगळी, असे त्या काळी अनेक नामवंत मानत. मॅक्सिमॉव्ह यांनी १९०९ मध्ये याविरुद्ध मत मांडले. सर्व रक्तपेशींची जननी एकच असून ती लिम्फोसाइटसारखी दिसते, रक्तातून फिरते आणि योग्य जागी रुजून वेगवेगळी रूपे घेते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यावर बराच वाद झाला.

देश का सोडावा लागला?

क्रांतीनंतर पेट्रोग्राडमध्ये उपासमार आणि टंचाई होती. १९२२ मध्ये ते कुटुंबीयांसह गोठलेल्या फिनलंडच्या आखातावरून निसटले आणि शिकागो विद्यापीठात रुजू झाले. डिसेंबर १९२८ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले त्यांचे पाठ्यपुस्तक सहकारी विल्यम ब्लूम यांनी पूर्ण केले. ते १९३० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक पिढ्यांनी अभ्यासले.

पुरावा कधी मिळाला?

१९६१ मध्ये कॅनडातील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून मूलपेशींचे अस्तित्व दाखवून दिले. आज जी-सीएसएफ या प्रथिनाची इंजेक्शने काही दिवस दिली, की मूलपेशी मज्जेतून रक्तात येतात. त्यामुळे अनेक मज्जादात्यांच्या हाडात सुई घालावी लागत नाही. हातातून रक्त घेऊनच पेशी वेगळ्या करता येतात.

हृदयाला फायदा होतो का?

२००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगाने मोठी आशा निर्माण केली. पण २००६ मध्ये जर्मनीत ११४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत जी-सीएसएफमुळे ना मृत भाग घटला, ना हृदयाची पंपक्षमता वाढली. रक्ताच्या मूलपेशी हृदयस्नायूत रूपांतरित होत नाहीत, हे त्याआधी २००४ मध्येच प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. पेशी रक्तात आणता येते, पण तिने हृदयाचा स्नायू व्हावे ही अपेक्षा फोल ठरली.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

झटक्यानंतर मूलपेशी जागवणारे औषध हा आज नेहमीच्या उपचारांचा भाग नाही. तशी हमी देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. छातीत दुखू लागताच रुग्णालय गाठणे आणि बंद रक्तवाहिनी लवकर उघडली जाणे, यानेच हृदयाचा स्नायू वाचतो.