युरोपात 'पिकवा आणि पैसे घ्या' धोरण आणणारा माणूसच पुढे पर्यावरणाच्या बाजूने उभा राहिला

युरोपात आज शेतकऱ्याला अनुदान हवं असेल तर अटी पाळाव्या लागतात. नदीकाठच्या पट्ट्यात फवारणी करायची नाही, जमिनीची धूप होऊ द्यायची नाही. अटी मोडल्या की अनुदानाला कात्री.

पण या अनुदानाचा पाया ज्याने घातला, त्याचा सुरुवातीला सगळा भर होता फक्त उत्पादनावर.

त्याचं नाव सिको मान्सहोल्ट.

१९०८ मध्ये नेदरलँड्समधल्या शेतकरी घरात जन्म. काही काळ जावा बेटावर चहाच्या मळ्यात नोकरी, मग समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर स्वतःची शेती. दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध भूमिगत काम.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये सुमारे २० हजार माणसं उपासमारीने गेली. त्यानंतर लगेच, वयाच्या ३६ व्या वर्षी मान्सहोल्ट शेतीमंत्री झाले. पुन्हा कुणी उपाशी राहू नये, हेच ध्येय.

१९५८ मध्ये ते युरोपियन कमिशनमध्ये गेले. १९६२ मध्ये सामायिक कृषी धोरण आलं. आपल्या हमीभावासारखंच: भाव पडला की सरकारी खरेदी. जितकं पिकवाल तितका पैसा.

झालं काय? लोण्याचे साठे गोदामात मावेनात.

१९६८ मध्ये मान्सहोल्ट यांनी उपाय सुचवला: छोटी शेतं एकत्र करा, सुमारे ५० लाख लोकांना शेतीबाहेर काढा. शेतकरी भडकले. मार्च १९७१ मध्ये ब्रसेल्समध्ये लाखभर शेतकरी रस्त्यावर उतरले. एकाचा जीव गेला.

१९७२ मध्ये 'लिमिट्स टू ग्रोथ' हा अहवाल वाचून ते हादरले. वाढीच्या मागे धावणं थांबवा, असं पत्र त्यांनी कमिशनच्या अध्यक्षांना लिहिलं. काही आठवड्यांत ते स्वतःच अध्यक्ष झाले, पण जेमतेम नऊ महिने. धोरण बदलायला तेवढा वेळ पुरला नाही.

१९९२ मध्ये हमीभाव घटवून थेट अनुदान सुरू झालं. १९९५ मध्ये मान्सहोल्ट गेले. पर्यावरणाच्या अटी सक्तीच्या झाल्या त्यानंतर दहा वर्षांनी, २००५ मध्ये.

२०२४ मध्ये ब्रसेल्समध्ये पुन्हा ट्रॅक्टर घुसले आणि काही अटी सैल झाल्या. निसर्ग वाचवायचा, पण खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा? हा प्रश्न मान्सहोल्ट यांनाही सुटला नव्हता.