न आटणारे भांडे

रंगीत वाळू पाण्यात टाकून गारुडी ती कोरडीच बाहेर काढतो. वाळूला आधी मेणाचा हात दिलेला असतो, म्हणून पाणी तिला शिवत नाही.

असल्या जुन्या विद्येला रंगमंचावर मान मिळवून दिला पी. सी. सरकार यांनी. त्यांचा जन्म १९१३ साली टांगाईलकडचा. तो मुलूख आज बांगलादेशात आहे. गणपती चक्रवर्तींकडे जादू शिकून ते ‘इंद्रजाल’ घेऊन देशोदेशी हिंडले. ‘वॉटर ऑफ इंडिया’ या खेळात ते एक भांडे पार उपडे करीत आणि थोड्या वेळाने त्यातूनच पुन्हा पाणी ओतीत. असे खेळ संपेपर्यंत चाले. १९६४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ६ जानेवारी १९७१ रोजी जपानच्या दौऱ्यातच त्यांचे निधन झाले. मुलगा प्रदीप यांनी पुढे खेळ चालविला.

भगिनींनो, उन्हाळ्यात रिकामी घागर भरताना काय यातायात होते, हे आपण बुलढाण्याच्या बायका जाणतो. असे भांडे कोणाला नको? पण असल्या भांड्याच्या पोटात चोरकप्पा असतो. सरकारांनी तिकीट लावून जादू दाखविली, देवपण मिरविले नाही. उद्या कोणी बुवा असे पाणी काढू लागला, तर हात जोडण्याआधी भांडे आतून पाहावे.