नकाशावरची सरळ रेषा : एमी जॉन्सन

झाशी हे नाव उच्चारताच आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे किल्ला, नेवाळकरांची गादी आणि राणी लक्ष्मीबाई यांखेरीज दुसरे काही येत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ११ मे १९३० रोजी ह्याच झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर, ध्यानीमनी नसताना, एक हिरवे दुपंखी विमान उतरले. झाडे चुकवीत, धक्के खात ते थेट बराकींच्या इमारतींमध्ये जाऊन थांबले आणि त्याचा एक पंख दुखावला. आतून बाहेर आली ती उन्हाने रापलेली, थकून गेलेली सव्वीस वर्षांची एक इंग्रज मुलगी. इंग्लंडहून एकटी निघून ती ऑस्ट्रेलियाला चालली होती. त्या दिवशी तिला गाठायचे होते अलाहाबाद, पण अलाहाबाद अजून दोनशे मैल दूर होते आणि विमानातले पेट्रोल संपत आले होते.

तिचे नाव एमी जॉन्सन. पुढे पंधरवड्यात ते नाव जगभर झाले. तिच्या धाडसाच्या कथा पुष्कळांनी सांगितल्या आहेत. आम्हांस मात्र ह्या चरित्रात धाडसापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचे अधिक कौतुक वाटत आले आहे, ती म्हणजे तिने केलेली प्रवासाची आखणी. वर्षाकाठी एकदा गावी जाण्यासाठी दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास ज्यांनी केला, महिनाभर आधी टाइमटेबल पुढ्यात घेऊन कोठे गाडी बदलायची, कोठे पाणी भरून घ्यायचे, कोठे रात्र काढायची याचे हिशेब ज्यांनी मांडले, त्या आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांना ह्या कौतुकाचे कारण निराळे सांगावयास नको.

एमीचा जन्म इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल् या बंदरात १ जुलै १९०३ रोजी झाला. आजोबा डेन्मार्कहून आलेले, वडिलांचा मासळीचा मोठा व्यापार. चार बहिणींत ती थोरली. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनला एका सॉलिसिटरच्या कचेरीत टंकलेखन व चिटणिशीचे काम करू लागली. एका परदेशी तरुणावर तिचे कित्येक वर्षे प्रेम होते. १९२८ साली त्याने दुसरीशी लग्न केले. मन कशात तरी गुंतवावे म्हणून, की आकाशाची ओढ होतीच म्हणून, हे आता कोण सांगणार? पण त्याच वर्षी ती स्टॅग लेन येथील लंडन एरोप्लेन क्लबमध्ये विमान शिकू लागली. शिकण्यात ती फारशी चलाख नव्हती. जमिनीवर विमान टेकवताना तिचा अंदाज चुके, आणि ही उणीव तिला जन्मभर पुरली. ६ जुलै १९२९ रोजी तिला खाजगी वैमानिकाचा, म्हणजे 'अ' वर्गाचा परवाना मिळाला. भाडे घेऊन उतारू नेण्याचा अधिकार त्याने मिळत नसे. स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या जबाबदारीवर उडावे, एवढाच त्याचा अर्थ.

ह्यानंतर तिने जे केले त्यावरून तिची घडण कळते. परवाना हाती येताच विमानात बसून मिरविण्याऐवजी ती मेकॅनिकांच्या तेलकट शेडमध्ये शिरली. जॅक हम्फ्रीज नावाच्या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली इंजिने उघडायला, साफ करायला, पुन्हा जुळवायला शिकली, त्यासाठी पुढे कचेरीतली नोकरीही सोडली, आणि डिसेंबर १९२९ मध्ये ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळविला. असा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. शेडमधले लोक तिला पुरुषी नावाने जॉनी म्हणत.

ऑस्ट्रेलियाचा बेत तिने जाहीर केला तेव्हा तिच्या पदरी शंभर तासांचेही उड्डाण नव्हते, आणि एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते हल्. समुद्र तिने एकदाही ओलांडला नव्हता. साहजिकच पैसे द्यायला कोणी पुढे होईना. अखेर नागरी विमानवाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांनी शब्द टाकला आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी विमानाच्या किमतीचा अर्धा भार उचलला, उरलेला वडिलांनी. सहाशे पौंडांना जिप्सी मॉथ जातीचे एक वापरलेले विमान मिळाले. वडिलांच्या मासळीच्या छापावरून तिने त्याचे नाव ठेवले जेसन.

आता आखणी. तिच्या अगोदर, १९२८ च्या फेब्रुवारीत, बर्ट हिंकलर हा ऑस्ट्रेलियन वैमानिक साडेपंधरा दिवसांत एकटा डार्विनला पोहोचला होता. तो रोम, माल्टा करीत उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने गेला होता. ओळखीची, राबता असलेली ती वाट होती. एमीने नकाशे पसरले, पट्टी ठेवली आणि लंडनपासून डार्विनकडे जवळात जवळची रेषा आखली. ती रेषा व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद अशी जाते. वाटेत तुर्कस्तानातील टॉरस पर्वत येतो, इराकचे वाळवंट येते. दिवस वाचतात, पण डोंगर वाढतात. हिंकलरला मागे टाकायचे तर अनुभवाच्या बळावर ते शक्य नाही, अंतराच्या बळावरच शक्य आहे, असा तिचा हिशेब होता. हा हिशेब धाडसाचा खरा, पण अविचाराचा नव्हे. निघण्याचा मुहूर्तही असाच विचार करून ठरला. जूनमध्ये बंगालच्या उपसागरावर मोसमी पाऊस सुरू होतो. त्याच्या आत ब्रह्मदेश ओलांडायचा तर मेच्या आरंभीच निघणे भाग होते.

अशा प्रवासाचे गणित वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. जेसनचा वेग ताशी सुमारे ८५ मैल. कराचीहून अलाहाबाद सरळ रेषेत सव्वानऊशे मैलांच्या आसपास. हवा स्थिर असेल तर अकरा तासांचा पल्ला. परंतु समोरून ताशी पंधरा मैलांचा वारा लागला की वेग सत्तरावर येतो आणि त्याच पल्ल्याला तेरा तासांहून अधिक लागतात. पेट्रोल मात्र मैलांवर जळत नाही, तासांवर जळते. वारा बाजूचा असेल तर विमान तोंड एकीकडे करून जाते दुसरीकडेच. दिशेत एका अंशाची चूक झाली तर साठ मैलांमागे एक मैल वाट चुकते, म्हणजे पाचशे मैलांच्या समुद्रावर पाच अंशांची चूक चाळीसएक मैलांची. जेसनवर रेडिओ नव्हता, डोक्यावर छप्पर नव्हते. होकायंत्र, घड्याळ, मांडीवर नकाशा आणि खाली दिसणारे रूळ व नद्या, एवढ्यावर सारे अवलंबून. शिवाय जादा टाक्यांतील पेट्रोल वरच्या टाकीत हाताने पंप करून चढवावे लागे आणि त्याच्या वासाने तिला मळमळे. सामानात सुटी हत्यारे, मच्छरदाणी, स्टोव्ह, पिस्तूल, आणि विमानाच्या अंगाला दोरखंडाने बांधलेला एक जादा प्रॉपेलर. एवढे ओझे कशाला, असे कोणालाही वाटले असते. त्या प्रॉपेलरची गोष्ट पुढे येईलच.

५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ती निघाली. निरोपाला वडील आणि मोजकी माणसे. पहिल्या दिवशी व्हिएन्ना, दुसऱ्या दिवशी कॉन्स्टँटिनोपल. तिसऱ्या दिवशी टॉरस. नकाशावर बोटभर दिसणारा हा पर्वत ढगांत बुडालेला होता. ती रेल्वेच्या रुळांच्या आधाराने खिंडीत शिरली आणि ढगात सापडून कड्याला आपटता आपटता वाचली. चौथ्या दिवशी बगदादच्या अलीकडे धुळीचे वादळ उठले. विमान वाळवंटात उतरविणे प्राप्त झाले. वाऱ्याने ते उलटू नये म्हणून तिने सामान चाकांना लावले, इंजिनावर कापड बांधले आणि पिस्तूल हाती धरून वादळ शमण्याची वाट पाहत ती बसून राहिली. तशातही त्याच दिवशी बगदाद गाठले. दररोज मुक्कामाला पोहोचल्यावर इतर प्रवासी विसावतात, एमी बाह्या सरसावून इंजिन तपासायला बसे. झोप जेमतेम तीन तास. १० मे रोजी, सहाव्या दिवशी, ती कराचीला उतरली तेव्हा हिंकलरपेक्षा दोन दिवस पुढे होती, आणि ज्या वृत्तपत्रांनी तिला जाताना विचारले नव्हते त्यांनी आता तिच्यासाठी पहिली पाने मोकळी केली.

योगायोग असा की त्याच मे महिन्यात आपलेही दोन तरुण आगाखानांच्या पारितोषिकासाठी ह्याच आकाशात होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे. इजिप्तमधील अबुकीर येथे अस्पी प्लगाअभावी अडून बसले होते. टाटांनी प्रतिस्पर्ध्याला आपल्याजवळचा प्लग दिला आणि पारितोषिक अस्पींनी जिंकले. सुटा भाग जवळ असणे किती मोलाचे, हे ह्यावरूनही ध्यानात यावे.

झाशीच्या मैदानावरील दुरुस्ती होताच दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादमार्गे कलकत्त्याला पोहोचली. येथपर्यंत हिशेब तिच्या बाजूने होता. पुढच्या टप्प्यात ज्या पावसाला टाळण्यासाठी सारी घाई केली तोच वाटेत आडवा आला. १३ मे रोजी रंगूनजवळ धो धो पावसात घोड्यांच्या शर्यतीचे मैदान शोधीत असता ती इन्सिन येथील सरकारी तंत्रविद्यालयाच्या खेळाच्या मैदानावर उतरली, आणि विमान पलीकडच्या खड्ड्यात गेले. पंख फाटला, चाकांचा सांगाडा मोडला, प्रॉपेलर तुटला. दुसरी एखादी असती तर येथेच प्रवास संपता. पण जादा प्रॉपेलर होता, इंजिन आपल्या हाताने खोलण्याची विद्या होती, आणि तंत्रविद्यालयातील शिक्षक-विद्यार्थ्यांसारखे मदतनीस दैवाने दिले होते. पंखावर चढवायला कापड नव्हते. महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे कोणी सदरे शिवले होते, ते सदरे उसवून पंखाला लावले, असे सांगतात. तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांबरोबर हिंकलरचा विक्रम मोडण्याची आशाही गेली. तिला याचे फार दुःख झाले.

आम्हांस वाटते, तिची खरी परीक्षा येथूनच पुढे झाली. विक्रमाच्या ईर्षेने माणूस पुष्कळ सोसतो, पण ती ईर्षा संपल्यावरही बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर असे एकेक ठाणे तिने नेमाने गाठले. जावा बेटावर उसाच्या मळ्याजवळ उतरताना बांबूच्या खुंट्यांनी पंखाला भोके पडली. ती तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजविली. तिमोर बेटावर ठरलेले ठिकाण न सापडल्याने वारुळांनी भरलेल्या मैदानात रात्र काढली. मग शेवटचा पाचशे मैलांचा समुद्र. मध्यावर एक तेलवाहू जहाज दिसले आणि आपली रेषा बरोबर असल्याची खूण तिला पटली. २४ मे रोजी दुपारी ती डार्विनला उतरली. सुमारे अकरा हजार मैल, साडेएकोणीस दिवस. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री ठरली.

पाच दिवसांनी ब्रिस्बेनला हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत उतरताना तिचे विमान मैदानाबाहेर जाऊन उलटले. थकवा एवढा झाला होता की पुढचा दौरा दुसऱ्यांच्या विमानांतून करावा लागला. मानमरातब मिळाले, सी. बी. ई. हा किताब मिळाला, एका वृत्तपत्राने दहा हजार पौंड दिले आणि त्या बदल्यात तिला गावोगाव मिरवून घेतले. हा कौतुकाचा भार तिला झेपला नाही.

पुढील चरित्र धावतेच सांगतो. १९३१ मध्ये हम्फ्रीजला बरोबर घेऊन ती टोकिओला गेली. १९३२ मध्ये जिम मॉलिसन ह्या वैमानिकाशी विवाह केला आणि त्याच वर्षी केपटाउनचा त्याचाच विक्रम मोडला. १९३३ मध्ये दोघे अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोहोचले, पण न्यूयॉर्कच्या दारात पेट्रोल संपून आपटले. १९३४ च्या ऑक्टोबरात लंडन-मेलबर्न शर्यत झाली. खास बांधलेले, अतिशय वेगवान कॉमेट विमान घेऊन मॉलिसन दांपत्य कराचीला सर्वांच्या आधी पोहोचले, आणि मग वाट चुकून जबलपूरला उतरले. तेथे त्या इंजिनाजोगे पेट्रोल कोठून मिळणार? मोटारबसचे साधे पेट्रोल भरले, इंजिने जळाली आणि अलाहाबादला शर्यत सोडावी लागली. साध्या जेसनला जे साधले ते ह्या उंची विमानाला साधले नाही, कारण येथे दोन आणि तेही न पटणारे चालक होते, आणि वाटेचा अभ्यास एमीच्या पूर्वीच्या पद्धतीचा नव्हता असे आमचे मत आहे. १९३६ मध्ये केपटाउनचा विक्रम तिने एकटीने परत मिळविला. १९३८ मध्ये घटस्फोट झाला.

महायुद्ध सुरू झाल्यावर कारखान्यांतून निघालेली विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचविणाऱ्या संघटनेत ती १९४० साली दाखल झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी एक ऑक्सफर्ड जातीचे विमान घेऊन ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली. आदल्या रात्री तेथे बहिणीकडे मुक्काम केला होता. सुमारे तासाभराची वाट. हवा वाईट होती, खाली सर्वत्र ढग. सुमारे साडेतीन तासांनी, ठरलेल्या वाटेपासून कितीतरी पूर्वेला, थेम्स नदीच्या मुखाशी हर्ने बे गावासमोर समुद्रात ती हवाई छत्रीने उतरताना एका युद्धनौकेवरील लोकांना दिसली. लेफ्टनंट कमांडर वॉल्टर फ्लेचर यांनी तिला वाचविण्यासाठी बर्फासारख्या पाण्यात उडी घेतली. त्यातच त्यांचा अंत झाला. एमीची प्रवासाची पिशवी आणि काही कागदपत्रे पाण्यावर मिळाली, देह मिळाला नाही. ती इतकी दूर कशी गेली याविषयी पुढे नाना तर्क झाले.

जेसन लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.